एका दाखल्यावर एक नाव

बुद्धपौर्णिमेची खीर संपली, पातेली घासून अंगणात पालथी पडली, आणि तरी कुणी जागचं उठेना, तेव्हाच प्रेमिलानं ओळखलं की आता बोलणी निघणार. या घरातला कुठलाही मोठा निर्णय पोटभर जेवल्याशिवाय झालेला नव्हता. जमीन गेली तेव्हाही आधी पंगत झाली होती, आणि तिचं लग्न ठरलं तेव्हाही. उपाशी माणसं लवकर भांडतात, असं तिच्या वडिलांचं मत होतं. जेवलेली माणसंही भांडतात, फक्त जरा सावकाश, हे त्यांनी कधी मान्य केलं नाही.

वडिलांचं नावच दादाजी. त्यामुळे नातवंडं आजोबांना बिनदिक्कत नावानं हाक मारायची आणि ते कुणाला खटकायचंही नाही. ऐंशी कधीच ओलांडलेले दादाजी कूलरसमोरच्या पलंगावर उशांना टेकून बसले होते. आडवं झालं की धाप लागे, म्हणून हल्ली ते झोपायचेही बसल्या बसल्या. शहरात, रामदासपेठेतल्या डॉक्टरनं छातीचा फोटो बघून विचारलं होतं, बाबा विडी ओढतात का. दादाजींनी जन्मात विडीला हात लावला नव्हता. आम्ही वीज केंद्राला लागून राहतो, असं प्रेमिलानं सांगितल्यावर डॉक्टरनं पुढे काही विचारलं नाही.

त्या केंद्राच्या तीन चिमण्या खिडकीतून दिसत. त्यातल्या दोन हिवाळ्यापासून थंड होत्या. दिल्लीत स्वच्छ विजेचा नवा कायदा झाला होता, आणि कोळशाचे जुने संच एकेक करून बंद होत चालले होते. वस्तीत या कायद्याला कुणी शिव्या देत होतं, कुणी हात जोडत होतं. पण त्याच कायद्यात एक कलम होतं आणि आज सगळे जमले होते ते त्या कलमापायी. राखेच्या जुन्या बंधाऱ्यावर आता सौर प्रकल्प व्हायचा होता. केंद्रासाठी ज्यांची जमीन गेली, त्या प्रत्येक घरातल्या एका माणसाला तिथं शिकवून कायमच्या नोकरीवर घेणार होते, जुन्या नियमानं आधी नोकरी मिळालेली असली तरी. त्यासाठी जमीन गेल्याचा सरकारी दाखला लागणार होता. एका दाखल्यावर एक नाव. उद्या सकाळी समाजमंदिरात साहेबलोक येणार होते, आणि दाखला ज्याच्या नावचा, त्यानं स्वतः जाऊन ते नाव सांगायचं होतं.

घरात नावं दोन होती. एक प्रशिक, प्रेमिलाच्या धाकट्या भावाचा, संघपालचा मुलगा. दुसरी पायल, प्रेमिलाची स्वतःची मुलगी.

हा दाखला प्रेमिलाच्या चांगलाच ओळखीचा होता. तो पहिल्यांदा घरात आला तेव्हा ती अठरा वर्षांची होती. आयटीआयमध्ये तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, कोर्स करणारी आख्ख्या पंचक्रोशीतली एकटी पोरगी. वर्गातल्या पोरांनी तिला खांबावर चढायला लावून खाली उभं राहून हसायचं ठरवलं होतं, आणि ती चढून, काम करून, उतरून आल्यावर पोरं हसायचं विसरून गेली होती. जमिनीच्या बदल्यात घरटी एक नोकरी, असा तेव्हाचा नियम होता. वाटलं होतं, आपलंच नाव. दुसरं होतंच कोण? संघपाल तेव्हा चौदा वर्षांचा, आठवीत दुसऱ्यांदा बसलेला.

दादाजींनी दाखला पेटीत ठेवून दिला. पोरगा अठराचा होईपर्यंत चार वर्षं तो तिथं पडून राहिला, मग त्यावर संघपाल केंद्रात लागला, आणि दरम्यान प्रेमिलाचं लग्न करून तिला कळमेश्वरला धाडून दिलं. नवरा तिथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता. माणूस चांगला होता. पायल लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झाली, आणि तिला धड चालता येण्याआधीच तो गेला. दीड वर्षाच्या पायलला कडेवर घेऊन ती माहेरी परतली ती इथलीच झाली. केंद्रातल्या शिकाऊ इंजिनियरांना डबे करून देत तिनं पोरीला वाढवलं. संच बंद झाले तसे डबेही कमी होत गेले. त्या डब्यांची नोंद कुठल्या कायद्यात नव्हती.

"ज्यानं हा कायदा केला ना," संघपालनं सुरुवात केली, "त्याले एकदा मे महिन्यात इथं आणून बसवा. साऱ्या देशाले उजेड देऊन राहिलो आमी, अन् आता म्हणते का तुमच्यानं हवा खराब होते."

"होतेच ना, बाबा," मेघा म्हणाली. मेघा ही त्याची थोरली लेक, दिल्लीत राहणारी. खासदारांच्या समितीला कायद्याची टिपणं करून देणाऱ्या एका संस्थेत ती कामाला होती आणि या सणासाठी चार दिवसांची रजा काढून आली होती. "दादाजीकडे पाहा एकदा."

"माह्या बापाले मधात आणू नको."

"मधात तेच आहेत. सारं त्यायच्याच जमिनीवर उभं आहे."

संघपाल वाईट माणूस नव्हता. नोकरीत शिरला त्या दिवसापासून त्यानं एकाच संचाचा बॉयलर सांभाळला होता, आणि निवृत्तीला थोडं उरलं असताना तोच संच त्याच्या डोळ्यांदेखत थंड झाला होता. त्या दिवशी तो घरी येऊन न जेवता बसून राहिला. कुणी विचारलं तर म्हणाला, "कानाले आवाजाची सवय झाली होती गा. आता नुसतं सुन्न वाटते." प्रेमिलानं त्या दिवशी त्याच्यासाठी पुन्हा चूल पेटवली होती.

"जे झालं ते झालं," तो आता म्हणाला. "कायदा काई माह्यानं वापस जात नाई. पण नोकरी तरी घरात राह्यली पाह्यजे. प्रशिकचं नाव द्या अन् मोकळे व्हा. माह्या जागी माहा पोरगा, सरळ हिशोब हाय."

"तुमच्या जागी नाई, बाबा. दाखल्याच्या जागी," मेघा म्हणाली. "अन् दाखला दादाजीचा आहे. त्या कलमात काय लिहिलं आहे, सांगू? मुलगा, मुलगी, किंवा त्यायची पोरं. मुलीचं लग्न झालं असो का नसो. जुन्या नियमात लग्न झालेल्या पोरीले घरातली धरतच नव्हते. हे चार शब्द टाकायसाठी मी कितीदा टिपण लिहिलं, माहीत आहे? समितीवाले म्हणत, कायले एवढा घोळ घालता. मी म्हणायची, माह्या घरात एक आत्या आहे."

सगळ्यांनी प्रेमिलाकडे पाहिलं. तिनं पदरानं उगाच कपाळ पुसलं. दिल्लीत बसून कुणी आपल्यासाठी कायद्यात शब्द घालतं, हे ऐकून तिला अभिमान वाटला आणि लाजही वाटली. आपलं दुःख इतक्या लांब जाऊन पोचलंय, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"सख्ख्या भावाच्या विरोधात बोलून राहिली तू," मेघाची आई म्हणाली.

"विरोधात नाई, आई. पायल सोलरचंच काम करते. आताही करते. प्रशिकले विचार, त्यानं कधी पॅनल हातात घेतलं का."

प्रशिक मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. "नाई घेतलं," तो म्हणाला, "पण शिकवणारच आहेत ना ते." मग पायलकडे बघून ओशाळं हसला. ती दोघं एका घरात, एका ताटात वाढलेली. शाळेत त्याची भांडणं पायलनं मिटवली होती, आणि तिला गाडी चालवायला त्यानं शिकवलं होतं. आज पहिल्यांदाच दोघांत एकच गोष्ट आली होती आणि तिचे दोन तुकडे होत नव्हते.

पायल दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

दादाजी म्हणाले, "ताक आणा गा कोणी. मंग बोलू."

प्रेमिला स्वयंपाकघरात गेली. ताक घुसळायला घेतलं न घेतलं तोच मागून भावजय आली, आणि काही कारण नसताना ओटा पुसू लागली.

"बाई, मी काई म्हणत नाई," ती म्हणाली. "पायल का मले परकी हाय? पण लकडगंजवाले थांबून राहिले. पोरीचा बाप लाकडाच्या आरामशीनवर सुपरवायझर हाय, चांगले लोक हायेत. त्यायनं साफ सांगितलं, पोट्ट्याले पक्की नोकरी लागू द्या, मंग तारीख काढू. दोन स्थळं अशीच गेली याच्या आधी."

"हो वं. माहीत हाय मले."

"तुमच्या हातचाच हाय प्रशिक. टायफाईड झाला तवा मी तर घाबरून गेली होती. तुमीच वाचवला त्याले." भावजयीनं फडकं पिळलं आणि डोळे पुसले. "तुमाले जे वाटते ते करा. मी काई म्हणणार नाई."

हीच तर अडचण होती. या घरात तिला कुणी कधी काही म्हटलंच नव्हतं. इतक्या वर्षांत भावानं कपाळाला आठी घातली नाही, भावजयीनं भांड्याचा आवाज केला नाही. विधवा नणंद आणि तिची पोर म्हणजे काय असतं, ते प्रेमिलानं वस्तीतल्या इतर घरांत पाहिलं होतं. एकदा कुणी टोचून बोललं असतं तर बरं झालं असतं, असं तिला आज वाटलं. निदान उत्तर तरी देता आलं असतं. न बोललेल्या उपकाराला काय उत्तर द्यायचं, ते तिला कधीच सुचलं नव्हतं.

भावजय ग्लास घेऊन बाहेर गेली आणि मागच्या दारानं पायल आत आली. उन्हानं तिचे हात कोपरापर्यंत रापले होते. एका ठेकेदाराकडे ती रोजंदारीवर होती. लोकांच्या गच्च्यांवर, गोदामांच्या टिनांवर सौर पॅनल बसवायची. आयटीआय तिनं आईच्याच संस्थेत केली होती, आईच्या हट्टापायी. मे महिन्यात टिनावर चढायचं तर पहाटेच चढावं लागे, आणि दुपारी काम बंद झालं की अर्धीच हजेरी लागे.

"आई, दादाजी तुलेच विचारतीन," ती हळूच म्हणाली.

"कोण म्हणे?"

"तेच म्हणे, सकाळी औषध देताना. म्हणे, तुह्या मायवर सोडतो." पायलनं रवी हातात घेतली आणि परत ठेवली. "तू फक्त माहं नाव घे. भांडू नको, कोणाले काई समजावून सांगू नको. नुसतं नाव घे. मी आजपर्यंत तुले काई मागितलं नाई."

खरंच मागितलं नव्हतं. ना कपडा, ना सहल, ना कॉलेज.

"घेतो ना वं," प्रेमिला म्हणाली. "तुहं नाई तं कोणाचं घेऊ?"

पायल हसली. ते हसू प्रेमिलाला पुढे फार दिवस आठवत राहिलं.

ताक पिऊन झाल्यावर दादाजींनी हातानंच सगळ्यांना गप्प केलं. बोलताना त्यांना मधेमधे थांबावं लागे, म्हणून ते हल्ली मोजकंच बोलत. आज मात्र त्यांनी बरंच ठरवून ठेवलेलं दिसत होतं.

"प्रेमिला आयटीआय झाली होती," ते म्हणाले. "तवाचा साहेब भला माणूस होता. म्हणे, दादाजी, पोरीले लावा, अशी पोरगी आमच्याकडे एकबी नाई. मी म्हटलं, साहेब, पोरगी उद्या लोकाच्या घरी जाईन, मंग नोकरी कोणाची? अन् दाखला पेटीत टाकला." ते थांबले. कूलरची घरघर तेवढी चालू राहिली. "चार वर्षं नोकरी दारात उभी होती. अन् मी पोट्ट्याच्या मिशा फुटाची वाट पाहून राहिलो."

संघपालनं मान खाली घातली. त्याच्या मिशा आता पांढऱ्या झाल्या होत्या.

"बाबासाहेबानं आमाले काय सांगितलं होतं? अन् मी काय केलं? दर पौर्णिमेले वंदना म्हणतो, अन् हे आठवते." दादाजींनी प्रेमिलाकडे पाहिलं. "माहं चुकलं वं, प्रेमिला. तुले कधी म्हटलं नाई. आज म्हणतो."

चाळीस वर्षं ती या वाक्याची वाट बघत होती. पोळ्या लाटताना, डबे भरताना, नवरा गेल्यावर एसटीत बसून इकडे येताना, तिनं मनातल्या मनात कितीदा तरी वडिलांशी भांडण केलं होतं. त्या भांडणातली तिची सगळी वाक्यं पाठ होती. आता ती कुठलीच लागणार नव्हती. तिला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. छातीतून काहीतरी काढून घेतल्यासारखं नुसतं रिकामं वाटलं.

"म्हणून आता तू सांग," दादाजी म्हणाले. "तू ज्याचं नाव घेशीन, उद्या मी तेच सांगीन. कोणी मधात बोलायचं नाई. संघपाल, तूबी नाई."

"नाई बोलत," संघपाल म्हणाला.

सगळे तिच्याकडे बघत होते. मेघाच्या चेहऱ्यावर तर जिंकल्याचा आनंद आधीच आला होता. पायल चौकटीपाशी सरळ उभी राहिली होती. प्रेमिलानं तोंड उघडलं. नाव जिभेवर होतं. आणि त्याच वेळी तिला खाली घातलेली भावाची मान दिसली. भावजयीनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं दिसलं. प्रशिकचा मोबाइल मांडीवर उपडा पडलेला दिसला. ताटं वाढताना तिचा हात नेहमी आधी भावाच्या पोराच्या ताटाकडे जायचा. पायल काय, आपलीच आहे, तिला मागून दिलं तरी चालतं. पायल समजून घेते.

"प्रशिक," ती म्हणाली.

आपण काय बोललो, ते तिला इतरांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"आत्या," मेघा म्हणाली, "तू काय बोलून राहिली?"

"त्याचं लग्न अडून हाय वं." प्रेमिलाला स्वतःचाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "पायलचं काय, तिच्या हातात काम हाय. तिचं निभून जाईन. अन् उद्या तिचंबी लग्न होईन, ती कुठं जाईन, काय होईन..."

पुढचे शब्द तिच्या तोंडातच राहिले. ते कुणाचे शब्द होते, हे तिला तेवढ्यात आठवलं होतं.

"दिल्लीत मले वाटत होतं, कायदा बदलला का झालं," मेघा म्हणाली, आणि चप्पल घालून भर उन्हात बाहेर निघून गेली. तिला कुणी अडवलं नाही. भावजयीनं येऊन प्रेमिलाच्या पायाला हात लावला. संघपाल उठला आणि ताईच्या खांद्यावर थाप मारून परत बसला. प्रशिक म्हणाला, "आत्या, पक्कं ना? अजून विचार कर पाह्यजे तं." पण नको म्हणाला नाही, आणि थोड्या वेळानं लकडगंजला फोन लावायला अंगणात गेला.

प्रेमिला वडिलांकडे वळली. तेच आता नाही म्हणतील, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं. बाबा म्हणतील, वेडी झाली का वं, पायलचं नाव घे. पुन्हा चूक करू नको म्हणतील. माफी मागितलेल्या माणसानं एवढं तर केलंच पाहिजे.

दादाजींचा चेहरा मोकळा झाला होता. ते बराच वेळ मान हलवत राहिले.

"पाह्य," ते म्हणाले, "तुह्यासारख्या शिकलेल्या बाईलेबी हेच सुचलं. घर पाहा लागते ना आधी." त्यांनी उशीवर डोकं टेकवलं. "म्हणजे माहंबी तवा काई चुकलं नव्हतं. मी उगाच इतके वर्षं मनाले लावून घेतलं."

आणि काही वेळातच त्यांना झोप लागली. श्वास संथ चालला होता. गेल्या कित्येक महिन्यांत ते इतके शांत झोपले नव्हते.

प्रेमिला त्यांच्या पायाशी बसून राहिली. अजून काही बिघडलं नव्हतं. समाजमंदिरातलं नाव उद्या सांगायचं होतं. त्यांना हलवून उठवावं आणि सांगावं, बाबा, मी चुकून बोलली. एवढं एक वाक्य. तिनं हात पुढे केला, पण त्यांच्या पायावरची चादर सारखी करून तो मागे घेतला. अंगणातून प्रशिकचा आवाज येत होता. तो फोनवर हसत होता, आणि भावजय त्याच्याजवळ उभी राहून ऐकत होती.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. पायल मोरीपाशी बसून ताकाचे ग्लास गोळा करत होती. तिचे डोळे कोरडे होते. तिनं वरही पाहिलं नाही.

"उद्या मले डबा लवकर दे," ती म्हणाली. "लांबचं काम हाय. ऊन व्हायच्या आत टिनावर चढा लागते."

"देतो." प्रेमिला भिंतीला धरून उभी राहिली. "पायल, तू काहून काईच बोलली नाई वं तिथं? एक शब्द जरी बोलली असती..."

"तुले सांगितलं होतं ना मी," पायल म्हणाली, आणि तिनं नळ सुरू केला.